बुडीत मजुरी कुणाच्या खात्यावर?

बाईला सवलत दिली की बाई महाग होते, आणि महाग झालेल्या बाईला मग कुणी कामावर ठेवत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या आरोग्याचा विषय निघाला की हा युक्तिवाद ठरलेलाच असतो. जुलै २०२४ मध्ये मासिक पाळीच्या रजेची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानेही हीच भीती बोलून दाखवली. रजा सक्तीची केली तर मालक बायकांना घेणेच टाळतील, असे म्हणून न्यायालयाने धोरण ठरवण्याचे काम केंद्र सरकारकडे सोपवले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी राज्यसभेत सांगितले होते की पाळी म्हणजे काही अपंगत्व नव्हे, त्यासाठी वेगळ्या पगारी रजेची गरज नाही. असे म्हणणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. बाईची नोकरी टिकावी अशीच त्यांची इच्छा असेल. पण हा युक्तिवाद ज्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून केला जातो, तिच्याकडे नेमणुकीचे पत्र असते, हजेरीपट असतो आणि महिन्याचा पगार असतो. अशा बायका देशात थोड्या आहेत. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणाप्रमाणे ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी सुमारे ७७ टक्के शेतीत आहेत. त्यांच्या गावी नेऊन हा युक्तिवाद तपासला, तर तो किती टिकतो ते पाहू.

नंदुरबार तालुक्यातले रनाळे घ्या. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधले हे गाव. या दोन्ही गावांचे नाव मिरचीच्या व्यापारासाठी महाराष्ट्रभर घेतले जाते. पावसाळा सरला की ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. नंदुरबारच्या आसपास मोकळ्या जागांवर मिरच्यांच्या पथारी पडतात आणि एकरच्या एकर जमीन लाल दिसू लागते. मिरची पसरायची, खालीवर करायची, वाळली की देठ खुडायचे, डागी माल बाजूला काढायचा. हे सगळे काम बहुतेक बायकाच करतात. देठ खुडणे ऐकायला किरकोळ वाटते, पण जवळून पाहिले तर तसे नाही. अंगठ्याचे नख आणि तर्जनी यांच्या चिमटीत देठ धरून मोडायचा, आणि दिवसभरात हेच हजारो वेळा करायचे. नखाच्या कडेची कातडी सोलवटते, तिखट तिथे शिरते. हवेत उडणारी पूड डोळ्यांत आणि घशात जाते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा ओढणी तिला अर्धवटच अडवते. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात आहे, ते कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. त्याला तेल किंवा साबण लागतो. म्हणजे कामावर पाण्याचा ड्रम ठेवला आणि साबण ठेवला नाही, तर हात धुऊनही तिखट हातावरच राहते. त्याच हातांनी बाईला लघवीला जायचे असते, पाळीच्या दिवसांत कापड बदलायचे असते, अंगावरच्या मुलाला छातीशी घ्यायचे असते. या तीन गोष्टी नजरेसमोर आणल्या की स्त्रियांचे आरोग्य आणि कामाची जागा यांचा संबंध समजायला आणखी काही वाचावे लागत नाही.

त्यातच शौचालय नसले की बाई पाणी पिणे कमी करते. सकाळी घरून निघताना घोटभर पाणी आणि मग संध्याकाळपर्यंत तहान मारत राहणे, ही सवय शेतमजूर बायकांत इतकी रुळली आहे की तिला कुणी त्रास म्हणतच नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग हा तिचा ठरलेला परिणाम. पण नंदुरबारमध्ये गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथली ६९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती, आणि या जमातींत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका कशाने येतो? शरीरातले पाणी कमी झाल्याने, अति श्रमाने, कडक ऊन किंवा थंडीने. म्हणजे डॉक्टर ज्या गोष्टी टाळायला सांगतात, नेमक्या त्याच गोष्टींनी तिचा कामाचा दिवस भरलेला असतो. भरपूर पाणी प्या, हा सल्ला आडोसा नसलेल्या पथारीवर पाळता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, आणि हे प्रमाण चौथ्या फेरीपेक्षा वाढलेले होते. आरोग्य खाते लोहाच्या गोळ्या वाटते. तो उपाय योग्यच आहे. पण जिथे तिचा दिवस जातो त्या जागेचा या आजारांत किती वाटा आहे, हे कुणाच्याच रजिस्टरमध्ये लिहिले जात नाही.

आता महागाईच्या मुद्द्याकडे येऊ. सवलतीने बाई महाग होईल, असे म्हणताना गृहीत धरलेले असते की आज ती जेवढ्याला पडते तेवढाच तिच्या कामाचा खर्च आहे. हे गृहीतकच चुकीचे आहे. खर्च आजही होतो. तो मालाच्या भावात धरला जात नाही एवढेच. तो बाईच्या घरच्या खात्यावर पडतो: बुडालेला रोज, दवाखान्याची फी, उसनवारी, पाठीमागच्या मुलीची बुडालेली शाळा. हा खर्च वाढत गेला की काय होते, याचा पुरावा महाराष्ट्राकडे आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला आणि राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय मागच्या दहा वर्षांत काढलेले निघाले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच अंगावर असते, आणि खाडा झाला की दंड कापला जातो. पाळीत अंगावरून जास्त जाते, ओटीपोटात दुखते, फडात ना पाणी ना आडोसा. अशा बाईला पिशवी काढून टाकली की कटकट जाईल, हा सल्ला पटतो. तो देणाऱ्या डॉक्टरांची चौकशी झालीच पाहिजे. पण सल्ला पटण्याजोगा केला तो खाड्याच्या दंडाने. नंदुरबारच्या डोंगराळ भागातली कुटुंबेही दरवर्षी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी कोयत्यावर जातात, म्हणून हा प्रश्न बीडवर ढकलून खानदेशाला मोकळे होता येणार नाही. बाईचे आरोग्य राखणे परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी १३,८६१ या आकड्याची किंमत किती धरायची तेही सांगावे.

या सगळ्यावर एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिक होईल. तो मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासातून येतो. १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती साहाय्याचे विधेयक आणले, ते नामंजूर झाले. पुढे मुंबई कायदे कौन्सिलात तसेच विधेयक आले आणि १९२८ मध्ये त्याच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तत्त्व स्पष्ट केले: आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा मोठा भार खरे तर सरकारने उचलायचा, पण बाईच्या कामाचा लाभ घेणाऱ्या मालकावरही त्याची काही जबाबदारी येते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, या विषयावरचा देशातला पहिला. आणि पुढे? त्या काळी गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या. नंतरच्या दशकांत त्यांचे प्रमाण घसरत गेले. आक्षेप घेणारे याकडेच बोट दाखवतात. घसरण खरी आहे. तिची कारणे अनेक होती. बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत होत्या आणि नवी यंत्रे नेमकी तिथे आली. रात्रपाळीची बंदी होती. सुसूत्रीकरणाच्या नावाखाली कपात झाली ती आधी त्यांची. तरीही कायद्याच्या रचनेचा त्यात काहीच हात नव्हता असे मी म्हणणार नाही. भत्ता ज्या त्या गिरणीने आपल्याकडच्या बायकांना द्यायचा होता, म्हणजे जितक्या बायका ठेवाल तितका भार. अशा रचनेत बाई कमी करणे हाच मालकाला फायद्याचा मार्ग ठरतो.

यातून जो धडा निघतो तो आक्षेप घेणाऱ्यांच्या धड्यापेक्षा वेगळा आहे. संरक्षण काढून घ्या असा तो नाही. भार बाईच्या डोक्यामागे मोजू नका, मालाच्या वजनावर मोजा, असा तो आहे. पथारीवर येणाऱ्या दर क्विंटल मिरचीमागे ठरावीक रक्कम निधीत जमा व्हायची असेल, तर देठ बाईने खुडले काय नि पुरुषाने खुडले काय, व्यापाऱ्याला फरक पडत नाही. बाई काढून टाकून त्याचा एक पैसाही वाचत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००० साली केलेल्या मातृत्व संरक्षणाच्या १८३ क्रमांकाच्या करारात हेच तत्त्व लिहिले आहे: लाभाचा थेट खर्च सहसा एकट्या मालकावर पडू नये, तो सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, म्हणजे श्रमाच्या बाजारात बाईचे नुकसान होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने बोलून दाखवलेल्या भीतीचे उत्तर इतकी वर्षे कागदावर तयार आहे. ते न वाचता रजा द्यावी की न द्यावी, एवढ्यावरच आपली चर्चा अडकून पडते.

पण पथारीवरच्या बाईचा मालक कोण, हा प्रश्न लगेच पुढे येतो. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या, परवा कुणाच्या शेतात कापूस वेचायला. कुठे रोजाने, कुठे किलोवर. मालकच ठरत नसेल तर कायदा कुणाला लावणार? हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या राज्याने विचारला असता तर समजले असते. महाराष्ट्राने तो १९६९ मध्येच सोडवला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून झालेला माथाडी कायदा नेमका याच अडचणीसाठी आहे: कामगार अनेक, मालक अनेक, रोज नवा व्यवहार. त्यावर उपाय म्हणून मंडळ काढले. मालकांनी आणि कामगारांनी तिथे नोंद करायची, मजुरी मंडळामार्फत द्यायची, तिच्यावर लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, पगारी सुट्टी, औषधपाणी. नवी मुंबईत कोपरखैरण्याला माथाडी कामगारांचे रुग्णालयही उभे राहिले. आणि या कायद्याच्या अनुसूचीत किराणा बाजारांतली कामे सांगताना चढवणे, उतरवणे, रचणे यांच्या जोडीला माल निवडणे आणि साफ करणे हीही कामे लिहिलेली आहेत. तेव्हा पोते उचलणारा कामगार आणि त्या पोत्यातला माल निवडणारी बाई दोघेही कायद्याला परके नाहीत. बाई नोंदवहीत दिसत नसेल तर तो कायद्याचा तोकडेपणा नव्हे, नोंद न करणाऱ्यांचा आहे. मालावर आकारणीचा धडाही राज्याने गिरवलेला आहे: गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले आहे. उसाला जे लागू करता येते ते मिरचीला का लागू करता येत नाही, याचे कारण कुणीतरी सांगायला हवे. शिवाय रोजंदारीवरची बाई ही कामगारच, हे सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायकांच्या खटल्यात सांगितले आहे. रस्त्याचे चर खणणाऱ्या त्या बायकांना १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याचा हक्क न्यायालयाने दिला. कायम नोकरी नाही म्हणून बाळंतपणाच्या वेदना कमी होत नाहीत, हा विचार त्या निकालामागे आहे.

मिरचीचा शेतकरी आधीच बेजार आहे, हे कुणीही नाकारणार नाही. अवकाळी पाऊस पथारीवर पडला की लाखांचा माल रात्रीत काळा पडतो. रोगाने शेत जाते. आवक वाढली की भाव कोसळतो. अशा माणसावर आणखी बोजा कशाला, असे विचारले जाते. म्हणूनच आकारणी शेताच्या बांधावर नको, बाजारात हवी. बाजार समिती दर व्यवहारावर बाजार फी घेतच असते, वजनाची नोंद तिथे होतच असते. वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. आणि वाळलेल्या, देठ काढलेल्या मिरचीचा माल मसाल्याच्या कारखान्यापर्यंत जाताना जो भाव वाढत जातो, त्यात बाईच्या नखांचा वाटा आहे. त्यातून थोडे परत येणे अन्यायाचे नाही. छोट्या शेतकऱ्याच्या घरची बाई तर स्वतःच्या शेतात राबून दुसऱ्याच्या पथारीवरही जाते. तिचे आरोग्य राखणे म्हणजे शेतकऱ्यावर बोजा कसा? ते शेतकऱ्याच्याच घरात राहते.

बायका स्वतः रजा मागत नाहीत, त्यांना काम हवे असते, असेही म्हटले जाते. बरोबर आहे. ज्या रजेने रोज बुडतो ती रजा कोणती बाई मागेल? जपानच्या १९४७ च्या श्रमकायद्यात पाळीच्या रजेची तरतूद आहे, पण त्या दिवसाचा पगार देण्याची सक्ती नाही. तिथल्या सरकारी पाहणीत ही रजा घेणाऱ्या बायका एक टक्काही भरत नाहीत. हा एकच आकडा दोन शंकांचा निकाल लावतो. सवलत दिली की बायका तिचा गैरफायदा घेतील, ही शंका त्यात टिकत नाही. आणि मजुरीची हमी नसलेला हक्क कागदावरच राहतो, हेही त्यातून दिसते. नोकऱ्या जातील म्हणणाऱ्यांसाठी बिहार आहे. तिथे १९९२ पासून सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना महिन्याला दोन दिवस विशेष रजा मिळते, आणि त्याच राज्याने २०१६ मध्ये सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३५ टक्के जागा राखल्या. पाळी हे अपंगत्व नव्हे हे तर निर्विवाद. गरोदरपणही अपंगत्व नव्हे, तहानही नव्हे. तरी गरोदर बाईला सुट्टी आणि तहानलेल्या माणसाला पाणी आपण देतोच.

आणि तत्त्व म्हणून तर महाराष्ट्राने हे सारे मान्यच केलेले आहे. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखालच्या कामांवर पिण्याचे पाणी, सावली, मुलांना सांभाळण्याची सोय आणि प्रथमोपचार यांची जबाबदारी सरकारने स्वतःवर घेतली. म्हणजे उघड्या रानावरचे खोदकाम ही कामाची जागा आहे आणि तिथे बाईच्या देहाची काळजी घ्यावी लागते, हे राज्याला जवळपास पन्नास वर्षांपूर्वी कळले होते. मानव विकास कार्यक्रमात तर याहून पुढचे पाऊल आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर बाईला ४,००० रुपये मिळतात, अर्धे बाळंतपणाआधी आणि अर्धे नंतर. या रकमेला सरकारी कागदावर नाव आहे 'बुडीत मजुरी'. फार अचूक शब्द आहे हा. तो कबूल करतो की शरीराने विसावा मागितला तेव्हा बाईचा रोज बुडाला, आणि तो भरून देणे हे समाजाचे देणे आहे, उपकार नव्हे. मग हे देणे नववा महिना आणि बाळंतपण एवढ्यापुरतेच का? सिकलसेलच्या झटक्यात चार दिवस अंथरुणावर गेलेल्या बाईची मजुरी बुडत नाही का? रक्तस्रावाने उभे राहवत नाही त्या दिवसाची? तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात दिवस घालवावा लागला त्याची? रकमेचेही पाहावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीबाहेरच्या प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला, आणि त्या कायद्यापासून आजवर मजुरीचे दर किती वाढले ते कुणालाही ठाऊक आहे.

मागणी म्हणून हे सारे फार मोठे नाही. माथाडी मंडळाकडे पथारीवरच्या बायकांची नोंद, क्विंटलमागे आकारणी, त्यातून बुडीत मजुरीचे ठरावीक दिवस, आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याने हंगामात पथारीवर येऊन केलेली रक्ततपासणी. कायदा आणि आकारणी यांना वर्ष-दोन वर्षे लागतील. पण पाण्याची टाकी, साबण, दार लागणारे शौचालय आणि लहान मुलांसाठी धुळीपासून लांब एक सावलीची जागा यांना कुठलीच नवी तरतूद लागत नाही. बाजार समिती, व्यापारी संघटना आणि आसपासच्या ग्रामपंचायती एका बैठकीत हे ठरवू शकतात. ओल्या मिरचीच्या गाड्या दिवाळीच्या सुमारास नंदुरबारला लागू लागतात. ती बैठक त्याआधी व्हावी.